जगाची पंगत आणि घरची चूल

परक्या माणसाची ओळख करून घेण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्याची भाषा शिकावी, त्याच्या देशाचा इतिहास वाचावा, साधल्यास तिकडे प्रवास करावा. परंतु या सर्वांहून सोपा आणि प्राचीन मार्ग म्हणजे त्याच्या घरचा एक घांस खाऊन पाहणें हा होय. जेवणाच्या पानावर जी ओळख होते ती सहसा पुसली जात नाहीं.

हल्लीं गिरगांव, परळ, लालबाग, दादर या आमच्या भागांतील मुलांस जगांतील नाना देशांच्या पदार्थांचीं नांवें तोंडपाठ असतात. नूडल्स, पास्ता, पिझ्झा, मोमो हे शब्द त्यांच्या बोलण्यांत पोळी-भाजीइतके सहज येतात. याविषयीं पालकवर्गांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं हें सारें परदेशी खूळ आहे आणि त्यापायीं मुलें वरणभातास व भाकरीस पारखीं होत आहेत. दुसरा पक्ष मुलें मागतील तें पैसे टाकून बाहेरून मागवितो आणि आपलीं मुलें काळाबरोबर चाललीं आहेत, असें समाधान मानतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. परदेशी पदार्थ हा पाहुणा आहे. पाहुण्यास दारांतून हांकलणें जसें अनुचित, तसेंच त्याला रस्त्यावरच भेटून तेथूनच निरोप देणें हेंहि अनुचित. त्याला घरांत घ्यावें. म्हणजे तो पदार्थ आपल्या चुलीवर, आपल्या बाजारांतील जिन्नसांनीं आणि घरांतील सर्वांच्या हातानें व्हावा. आमचें म्हणणें एवढेंच आहे, आणि तें का, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचें समाधान करूं. आपल्या घरांतील जें ताट सर्वांत सोंवळें मानलें जातें तें उपासाचें. त्यांत काय असतें? साबूदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि फोडणींत हिरवी मिरची. आतां विद्यार्थ्यांनीं भूगोलाचें पुस्तक उघडून पाहावें. मिरची, बटाटा, रताळें आणि भुईमूग हीं चारहि मूळचीं अमेरिका खंडांतील. आणि आपल्याकडील साबूदाणा ज्या कंदापासून करितात तो कसावाहि तिकडचाच. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकत येथें उतरला व १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून हे जिन्नस हळूहळू आपल्या किनाऱ्यावर आले. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळीं आळंदीस कोणी एकादशी केली असेल, तर तिच्या फराळांत यांपैकीं एकहि वस्तु नव्हती. टोमॅटो, मका, पेरू, पपई, काजू आणि अननस यांचीहि कथा हीच. बटाटा, काजू व अननस हे शब्द आपण पोर्तुगीज भाषेंतूनच घेतले आहेत, आणि चहा हा शब्द तर चीनहून चालत आला आहे. तेव्हां 'आपलें' आणि 'परकें' यांमधील रेघ आपण समजतों तितकी जुनी नाहीं. आजीच्या हातची चव म्हणून जिचा आपण अभिमान धरितों, ती चव आजीच्या पणजीस कदाचित् नवलाची वाटली असती.

परंतु हे पाहुणे आपल्या घरांत सुखासुखी शिरले असें मात्र कोणी समजूं नये. पावाचेंच उदाहरण घ्या. १८४९ सालीं आमच्या मुंबईंत दादोबा पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनीं परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा, हा त्या सभेचा हेतु होता. तिचा सभासद होऊं इच्छिणारास ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खावा लागे. ही गोष्ट इतकी धाडसाची होती कीं सभेचें सारें काम गुप्तपणें चाले. आणि पुढें सभासदांचीं नांवें बाहेर फुटतांच ती सभाच मोडली. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक इत्यादि मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. तेवढ्यावरून शहरांत मोठें वादळ उठलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. चहाच्या एका पेल्यासाठीं एवढें रामायण! आज तोच चहा प्रत्येक चाळींत दिवसांतून दोनदां उकळतो. आणि तोच पाव, १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनीं दादर स्टेशनाबाहेर त्यांत बटाटेवडा घालून विकावयास आरंभ केला असें सांगतात, तेव्हांपासून मुंबईच्या कष्टकऱ्यांचें अन्न होऊन बसला आहे. या वडापावांत पाव पोर्तुगीजांचा, बटाटा व मिरची अमेरिकेची, बेसन आणि लसूण आपलीं. याहून अधिक मराठी पदार्थ आज कोणता दाखवितां येईल?

आमचा हा भाग तर अशा पाहुण्यांचें माहेरघरच आहे. गिरगांवांत खोताच्या वाडींत ईस्ट इंडियन कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहत आलीं आहेत. वर्षाचा मसाला एकदांच कुटून बाटल्यांत ठासून भरण्याची त्यांची रीत असल्यामुळें त्यास 'बाटली मसाला' असेंच नांव पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं इराणांतील यझ्द व केरमान या प्रांतांकडून आलेल्या लोकांनीं मुंबईंत उपाहारगृहें काढलीं. धोबी तलावाजवळचें कयानी १९०४ सालचें आहे. इराण्याच्या चहांत मस्कापाव बुडवून खाणारा परळचा गिरणीकामगार आपण परदेशी खाणें खात आहों, असें कधीं म्हणाला नाहीं. पाहुणा घरचा होतो तो असा.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. लोअर परळांत जेथें एके काळीं फिनिक्स मिलचा भोंगा वाजत असे, तेथें आज झगझगीत दुकानें व भोजनगृहें उभीं आहेत. तेथें बसून इटलीचा किंवा मेक्सिकोचा पदार्थ खावयाचा म्हणजे एका कुटुंबाच्या आठवड्याच्या भाजीचे पैसे सहज जातात. क्वचित् प्रसंगीं तसें करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु मुलांस त्यामुळें असें वाटूं लागतें कीं परदेशी अन्न म्हणजे श्रीमंतांचें अन्न. खरी स्थिति उलट आहे. जगांत नांवाजलेले बहुतेक पदार्थ गरिबांच्या चुलीवर जन्मले आहेत. घरांत होतें त्यांतूनच चातुर्यानें ते निर्माण झाले. म्हणूनच ते करावयास सोपे आहेत. याची प्रचीति यावी म्हणून चार पदार्थ येथें देतों. 'रुचिरा' या १९७० सालीं निघालेल्या आपल्या पुस्तकांत कमलाबाई ओगले यांनीं वाटी-चमच्याचें माप वापरून नवशिक्या गृहिणींवर मोठे उपकार केले. आम्हीहि तेंच माप धरितों. प्रमाण चार माणसांपुरतें आहे.

पहिला पदार्थ इटलींतील नेपल्सकडचा. याच्या नांवाचा अर्थच 'लसूण आणि तेल' असा आहे. मोठ्या पातेल्यांत पुष्कळ पाणी उकळून त्यांत दोन चमचे मीठ घालावें व पाव किलो लांब पास्ता शिजवावा. तो दांताखालीं किंचित् घट्ट लागे तों उतरावा आणि त्याचें पाणी एक वाटीभर राखून ठेवावें. कढईंत चार मोठे चमचे तेल मंद तापवून त्यांत आठ-दहा लसणीच्या पाकळ्यांचे पातळ काप सोडावे. ते फिकट सोनेरी झाले कीं पुरे. लाल होऊं दिले तर कडवट होतात. मग कुटलेली सुकी मिरची, पास्ता आणि राखलेलें थोडें पाणी घालून परतावें. वर कोथिंबीर पेरावी. आपल्या लसणीच्या फोडणीचीच ही बहीण आहे, हें कोणाहि गृहिणीच्या तत्काळ ध्यानांत येईल. ऑलिव्हचें तेल तिकडे घरोघर असतें म्हणून ते लोक वापरितात. आपल्याकडे शेंगदाण्याच्या तेलानें काम भागतें.

दुसरा पदार्थ सिरिया, लेबनॉन व पॅलेस्टाईन या देशांतील मुजद्दरा. या अरबी शब्दाचा अर्थ 'देवीचे वण असलेला' असा आहे. पांढऱ्या भातांत काळसर मसूर तशी दिसते म्हणून हें विनोदी नांव. एक वाटी अख्खी मसूर दोन तास भिजवून अर्धी शिजवावी. मग तींत एक वाटी धुतलेले तांदूळ, चमचाभर जिऱ्याची पूड, मीठ आणि अंदाजानें तीन वाट्या पाणी घालून मंद आंचेवर शिजूं द्यावें. तीन मोठे कांदे उभे चिरून तेलांत गडद तांबूस होईपर्यंत तळावे. निम्मे भातांत मिसळावे, निम्मे वर पसरावे. बरोबर दही असावें. पवित्र शास्त्रांत एसावानें ज्या वरणासाठीं आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावास देऊन टाकला, तें मसुरीचेंच होतें. ही खिचडी चाखल्यावर त्याच्या अविचाराचें समर्थन करतां येणार नाहीं, पण त्याची भूक मात्र समजेल.

तिसरा पदार्थ मेक्सिकोचा; यास तर चूलहि लागत नाहीं. तीन टोमॅटो, एक कांदा, एक हिरवी मिरची व मूठभर कोथिंबीर बारीक चिरून मीठ व लिंबाचा रस घालावा. तिकडे यास 'कोंबड्याची चोच' अशा अर्थाचें नांव आहे. आपण यास कोशिंबीर म्हणतों. शिजवलेला राजमा थोड्या तेलांत लसणीबरोबर परतून ठेंचावा, आणि तो व ही कोशिंबीर मक्याच्या भाकरीवर घेऊन खावी. मका, राजमा, टोमॅटो आणि मिरची हीं चारहि मेक्सिकोनें व त्याच्या शेजारच्या देशांनीं जगास दिलेलीं देणीं आहेत. मक्याची भाकरी तेथील शेतकऱ्याचें रोजचें अन्न आहे. आपल्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या भाकरीहून तिचा मान कमी नाहीं आणि अधिकहि नाहीं.

चौथा पदार्थ गोड, आणि तो इंग्लंडांतील काटकसरी घरांचा. शिळे पाव वायां जाऊं नयेत म्हणून ही युक्ति निघाली. चार पावांचे तुकडे करून अर्धा लिटर कोमट दुधांत भिजवावे. दोन अंडीं चार-पांच मोठे चमचे साखर घालून फेंटावीं, तीं त्यांत मिसळून वर जायफळ किसावें. तूप लावलेल्या डब्यांत हें मिश्रण ओतून झांकण लावावें आणि कुकरांत तळाशीं पाणी घालून, शिटी काढून ठेवून, सुमारें ३५ मिनिटें वाफवावें. सुरीचें टोंक खुपसून तें कोरडें निघालें म्हणजे पुडिंग झालें. इराण्याकडून किंवा कोपऱ्यावरच्या बेकरींतून आणलेले चार पाव आदल्या दिवशीं उरले असतील, तर दुसऱ्या दिवशीं घरांत मेजवानी आहे, असें समजावें.

कोणी आई म्हणेल, "हें सर्व ठीक आहे, पण मी सायंकाळीं गर्दीच्या लोकलमधून उतरतें, दादरच्या बाजारांतून भाजी घेतें आणि घरीं पोंचतें तों दिवे लागलेले असतात. रोजचा स्वयंपाकच उरकत नाहीं, तेथें जगाचा कोठून करूं?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आईनें द्यावयाचें नसून घरांतील इतरांनीं द्यावयाचें आहे. आमच्या गिरणगांवांत हजारों कामगार कोंकणांतून आणि देशावरून एकटे येऊन राहिले. त्यांस दोन वेळचें जेवण मिळालें तें खाणावळवाल्या बायकांच्या कष्टावर. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अशा स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें, तेव्हां कोठें या कष्टांस कष्ट म्हणून मान मिळूं लागला. घरच्या चुलीपुढील स्त्रीला तो मान अद्यापि सर्वत्र मिळालेला नाहीं. ज्या मुलास भूमितींतील प्रमेय सिद्ध करतां येतें, त्याला कांदा चिरतां येऊं नये, याला कांहीं कारण आहे काय? मुलगा आणि मुलगी यांत येथें भेद करण्याचें तर मुळींच कारण नाहीं. नवा पदार्थ करण्याचा एक मोठा गुण असा कीं त्यांत घरांतील कोणीच जाणकार नसतो. आई, बाबा, मुलें, आजी सर्व एकाच इयत्तेंत बसतात. रोजची पोळी लाटतांना मुलाला वाटणारी लाज या नव्या खेळांत विसरली जाते; आणि एकदां हात कणकेंत गेला म्हणजे तो पोळीकडेहि वळतो. महिन्यांतून एक रविवार असा ठेवावा. बाजारहाट मुलांनीं करावी, चिरणें-निवडणें बाबांनीं, शिजविणें मिळून सर्वांनीं, आणि भांडीं घासणें ज्यानें सर्वांत अधिक खाल्लें त्यानें!

येथवरचें सारें मान्य झालें तरी मुख्य गोष्ट पुढेंच आहे. मधल्या सुटींत आमच्या शाळेंत डबे उघडतात तेव्हां जो वास दरवळतो त्यांत सारी मुंबई असते. त्या वेळीं कित्येकदां असें दिसतें कीं जपानी लोक कच्ची मासळी खातात हें कौतुकानें सांगणारा मुलगा शेजारच्या विद्यार्थ्याच्या डब्यांतील सुक्या बोंबलास नाक मुरडतो. आणि तो डबा आणणारा मुलगा दुसऱ्या दिवसापासून तो आणणें सोडतो, किंवा झांकणाआड लपवून खातो. उलट पक्षीं, साधी भाजी-भाकरी आणणाऱ्याची टवाळी करणारेहि असतात. हें केवळ मुलांचें पोरकटपण नव्हे. आमच्या शहरांत अमुक अन्न शिजविणाऱ्यास या इमारतींत जागा मिळणार नाहीं, असें मोठीं माणसेंहि म्हणतात, आणि तें मुलें ऐकत असतात. १८४९ सालीं ज्या भिंती पाडण्यासाठीं कांहीं तरुणांनीं गुपचूप पावाचा तुकडा खाल्ला, त्या भिंती आपण नव्या विटांनीं पुन्हां बांधीत आहों काय, याचा पालकांनीं विचार करावा.

कोणीं काय खावें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा, प्रकृतीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. जो मासळी खात नाहीं त्यानें ती खावी, असा आग्रह आम्ही कधींहि धरणार नाहीं. परंतु न खाणें निराळें आणि हिणविणें निराळें. दुसऱ्याच्या अन्नास नांवें ठेवणें म्हणजे त्या अन्नासाठीं पहाटे उठलेल्या त्याच्या आईस नांवें ठेवणें होय. इटलीचा पास्ता घरीं केला, त्याचा देश नकाशांत दाखविला, तेथील माणसें कशीं राहतात याची चर्चा केली, आणि शेजारच्या खोलींतील कुटुंब काय जेवतें हें मात्र विचारलेंहि नाहीं, तर त्या सर्व खटपटीचें फळ शून्य. जगाच्या पंगतीचें पहिलें पान शेजाऱ्याचें.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत तुम्हीं दोन गोष्टी कराव्या. वर दिलेल्या चारांपैकीं एक पदार्थ आपल्या हातानें घरीं करावा. करितांना तो बिघडला तर खचूं नये; आजीलाहि पहिल्या दिवशीं भाकरी थापतां आली नव्हती. आणि दुसरी गोष्ट, आपल्या चाळींत किंवा इमारतींत ज्यांचें अन्न तुमच्या घरच्याहून निराळें आहे अशा एका घरीं त्यांतील वाटीभर नेऊन द्यावें, आणि त्यांच्या घरचा एक पदार्थ त्यांच्याकडून शिकून यावें. खोताच्या वाडींतील कोणी तुम्हांस बाटली मसाल्यांत काय काय पडतें तें सांगेल, लालबागच्या मसाल्याच्या बाजारांत कोणी मालवणी आजी मिरच्या कशा निवडाव्या तें दाखवील. पालकांस आमची विनंति एवढीच कीं मुलें चुलीजवळ आलीं असतां सांडलवंड होईल म्हणून त्यांना हांकलूं नये. सांडलेलें पुसतां येतें. चुलीपासून एकदां तुटलेलें मूल पुन्हां तिच्याजवळ आणणें कठीण असतें.